रोह्याला हरलेला डाव

पेणच्या रामवाडीला एस.टी.तून उतरलो तेव्हा आठ वाजले होते. सुलभाताईंच्या खांद्यावर कपड्यांची पिशवी होती, माझ्या दोन्ही हातांत बुद्धिबळाचे पट. महिलांच्या राज्य स्पर्धेची अनेक वर्षांची विजेती असलेली ही माझी मैत्रीण सुट्टीच्या दिवशी गावोगावच्या शाळांत खेळ शिकवत फिरे. मी बँकेतली कारकून. त्या दिवशी पहिल्यांदाच ताईंबरोबर निघाले होते.

शाळेत बारा पट मांडले. बाराही पटांपुढे मुलगे बसले आणि मुली भिंतीशी उभ्या राहिल्या.

"मुली का उभ्या?" ताईंनी विचारलं.

"त्यांना अजून येत नाय, मॅडम," गुरुजी ओशाळून म्हणाले.

"मग आधी त्यांना शिकवते."

ताई जमिनीवर बसल्या. प्यादं सरळ चालतं पण तिरकं मारतं, हे त्यांनी इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं की मलाही ते तेव्हाच नीट कळलं. प्रदर्शनाचे सामने, म्हणजे एकट्या ताई एकाच वेळी बाराही पटांवर, दीड तास उशिरा सुरू झाले. ताईंनी बाराही डाव जिंकले.

दुपारी रोह्याला निघालो आणि खांब गावाजवळ एस.टी. बंद पडली. भाताच्या पोत्यांच्या एका टेम्पोने आम्हाला कोलाडपर्यंत आणलं. तिथे नव्या रेल्वेमार्गाचं काम चालू होतं, लाल माती सगळीकडे उडत होती. टपरीवर गरम भजी आणि पाव खाल्ला, मग रिक्षा केली.

रोह्याच्या सभागृहात पंधरा पट वाट पाहत होते. शेवटच्या पटापुढे तेरा वर्षांची वनिता होती. खारेपाटातल्या (खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीवरच्या) गावातून ती आईबरोबर आली होती. आई मिठागरात कामाला जाई.

"खेळ गो, घाबरू नको," आई मागून म्हणत होती.

ताई एकेका पटापाशी थांबत, खेळी करत, पुढे जात. संध्याकाळपर्यंत चौदा डाव संपले. वनितापाशी मात्र त्या थबकल्या. पोरीच्या घोड्याने राजाला शह दिला होता आणि त्याच घोड्याचा वजिरावरही रोख होता. ताई बराच वेळ पटाकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी आपला राजा आडवा केला.

संयोजक जवळ आले आणि हळूच म्हणाले, "बरोबरी लिवू या का, मॅडम? तुमचं नाव हाय मोठं."

"हरले आहे मी. बरोबरी लिहिली तर तिचा डाव चोरल्यासारखं होईल."

ताईंनी वनिताच्या खेळ्यांच्या कागदावर सही केली. तिची आई तो कागद उलटसुलट पाहत म्हणाली, "बाई, पुढच्या साली हिला शाळेतून काढायची हाय. कामाला माणूस लागतं."

"हिचं पुढे काय होईल ते मला सांगता येणार नाही. पण शाळा सोडवू नका. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी शिकवायला येईन."

"येशील व्हय?"

"येईन."

 आईने कागदाची घडी घालून पदराला बांधली.

परतीच्या गाडीत ताई वहीत तोच डाव आठवून लिहीत होत्या.

"वाईट वाटलं?" मी विचारलं.

"खूप. मला हरायला अजिबात आवडत नाही." त्यांनी वही माझ्यापुढे धरली. "पण हा घोडा बघ. मला नसता सुचला."

ताई पुढची तीन वर्षं रोह्याला जात राहिल्या. वनिता दहावी झाली. ताईंचे चषक मी अनेकदा पुसले आहेत, कौतुकाने. त्या परतीच्या गाडीत मात्र त्यांच्या शेजारी बसताना मी नकळत, आदराने थोडी सावरून बसले होते.