मानेवरची रेघ

पडक्या राजवाड्याच्या पायऱ्या चढताना म्हाताऱ्या न्हाव्याचं लक्ष खांबांवर नव्हतं, पुढे चाललेल्या मित्राच्या मानेवर होतं. जन्मभर ही मान त्याच्याच खुर्चीत वाकली होती. आज तिथली रेघ परक्या वस्तऱ्याची होती. मित्राने सहलीचा आग्रह धरला तेव्हाच न्हाव्याच्या मनात पाल चुकचुकली होती.

"कुणाकडे बसलास रे?" त्याने शेवटी विचारलं.

मित्र थांबला. "मागच्या खेपेला माझा कान कापलास. हात थरथरतो तुझा. दुकानात चारचौघांत कसं सांगू, म्हणून इथे आणलं."

"म्हणजे फितूरच की."

"फितूर असतो तर मानेला मफलर गुंडाळून आलो असतो."

न्हाव्याला हसू आलं नाही. उजवा हात खिशात घालून, डाव्याने मित्राचा खांदा धरत तो उरलेल्या पायऱ्या चढला.