अक्काची फिर्याद

आज कायद्याच्या वर्गात बोटांचे ठसे कसे घेतात ते शिकवलं. त्या शाईच्या वासासरशी मला पोलीस ठाण्यातली ती दुपार आठवली. माझी थोरली बहीण, अक्का, गेली त्याचा दुसरा दिवस होता. मी दहावीत होते.

सासरच्यांनी तिला विहिरीत ढकललं, असं आप्पा रडत सांगत होते. हवालदारांनी लिहून घेतलं आणि विचारलं, "वाचून दाखवू का?"

"तुमी लिवलंय म्हणल्यावर बरोबरच असंल, सायेब," म्हणत आप्पांनी अंगठा पुढे केला.

घरात वाचता येणारी मी एकटीच. पण मोठ्यांच्या मध्ये कसं बोलायचं, म्हणून गप्प बसले.

यंदा मी त्या फिर्यादीची नक्कल काढली. त्यात पाय घसरून पडली, असं लिहिलंय.

आप्पा परवा फोनवर म्हणाले, "कोर्टात आपली तारीख कवा लागंल गं? तुला आता कळायलंय की."