बिनकुसळाचा ऊस

वडीगोद्रीजवळच्या एका ऊस प्रक्षेत्रावर भावना नव्या वाणांची निवड करायची. टिपरीतून, म्हणजे उसाच्या कांडीच्या तुकड्यातून, लावलेला ऊस हुबेहूब आईसारखा निपजतो. संकराच्या बियांचं तसं नसतं. ती रोपं एकाच घरातल्या भावंडांसारखी, कुणी जाड, कुणी रोडकं, कुणी गोड, कुणी पाणचट. त्यातलं एखादं ठेवायचं, बाकीची बाद करायची, हे तिचं काम.

साहेब सांगत, गोडी बघा, वजन बघा. भावना आधी पाचटावरून हात फिरवी. तिची आई गिरिजाबाई जन्मभर ऊसतोडीला जात आलेली. तोडकऱ्यांच्या कोपीत, पाचटाच्या खोपटात बसून आईच्या बोटांत रुतलेली उसाची कुसळं सुईनं काढता काढताच भावना वाढली होती.

आणि तसं एक रोप तिला गवसलं. पाचट आपसूक गळे, कुसळ नावाला नाही, रसही गोड. वर्षामागून वर्षं ते प्रत्येक निवडीत टिकलं. आई भेटायला आली तेव्हा भावनानं तिला फडात नेलं. गिरिजाबाईनं उसावरून खालून वर हात ओढला आणि तळवा उलटापालटा करून पाहिला.

"अगं, टोचतच न्हाई की! कवा येनार हा आमच्या फडात?"

"थोडी वर्षं थांब, आई," भावना बोलून गेली.

तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटलेल्या खोडव्यात घात झाला. एका बेटाच्या शेंड्यातून काळा चाबूक बाहेर पडलेला तिला दिसला. काणी, उसाचा बुरशीरोग! त्यातली काळी भुकटी वाऱ्यानं सगळ्या शिवारात पसरते.

सोबत संपत होता, प्रक्षेत्रावरचा जुना मजूर. "ताई, एकच बेट हाय. जल्दी उपटून जाळू. कोनाला कळनार न्हाई."

भावनानं चाबकावर पिशवी चढवून तोंड बांधलं. एकच बेट, तिनं स्वतःला समजावलं, आणि पुढच्या सरीत शिरली. तिथं दुसरा चाबूक होता. त्याच्या पलीकडे तिसरा. शेजारचे वाण मात्र स्वच्छ. म्हणजे हाच वाण काणीला बळी पडणारा.

तिनं साहेबांना फोन लावला.

दुपारपर्यंत तो वाण मुळासकट उपटून जाळला. साहेब म्हणाले, "गुण वाया गेला असं नका समजू. संकर केंद्रावर याच्या निरोगी टिपऱ्या आहेत. काणीला दाद न देणाऱ्या वाणाशी जुळवून बघू."

"म्हणजे परत पहिल्यापासून?"

"हो. दहा-बारा वर्षं तरी."

संध्याकाळी तिनं आईला फोन केला. गिरिजाबाई अंकुशनगरकडे तोडीवर होती. मागं कोयत्यांचा आवाज येत होता. भावनानं सगळं सांगितलं.

"मंग तोवर मी कुठली राह्यते," आई म्हणाली. "बरं केलंस पन. रोगाचा ऊस कुनाच्या रानात नको जायला. ठेव आता, गाडी भरून राह्यले."

फोन बंद झाला. भावना धुरानं चुरचुरणारे डोळे चोळत तशीच बांधावर बसून राहिली.