तीनच्या खेळाला लागलेली कुस्ती

बाळांनो, हे मी मराठीत लिहिते आहे, कारण यातली माणसं मराठीतच बोलली होती. जन्मभर इंग्रजी शिकवलं, तेव्हा इंग्रजीत लिहिणं मला अवघड नव्हतं; पण त्या लोकांच्या तोंडी इंग्रजी घालायला माझा हात धजेना. अडेल तिथे आईला विचारा. स्वतःबद्दलची वाक्यं ती गाळायला बघेल. गाळू देऊ नका.

मागच्या रविवारी तुम्ही फोनवर सांगितलंत की आईने काम केलेला तो जुना राक्षसांचा सिनेमा तुम्ही पाहिला. थोरला म्हणाला, जनावरं खोटी वाटतात. धाकटी म्हणाली, तिने पुढे पळवत पळवत पाहिला. तुमची आई मागे उभी राहून हसत होती. मला राग आला नाही. कॉम्प्युटरची कला लवकर जुनी होत असणार. पण तोच सिनेमा मी कोल्हापूरच्या थिएटरात, भरलेल्या गर्दीत बसून पाहिला आहे, आणि तिथे काय झालं ते तुम्हाला कोणी सांगितलेलं दिसत नाही. तुमचे आजोबा हल्ली सांगताना मधलंच विसरतात आणि शेवटावर येतात. म्हणून मला नीट आठवतंय तोवर लिहून ठेवते.

आजोबा साखर कारखान्यात शेती अधिकारी होते, हे तुम्हाला माहीत आहे. कागलच्या बाजूच्या गावांत ते जत्रांच्या कुस्त्यांना पंच म्हणूनही जात, हे कदाचित माहीत नसेल. तरुणपणी ते तालमीत होते. पुढे नोकरीमुळे व्यायाम सुटला, कुस्ती सुटली नाही. मातीतल्या कुस्तीत गुण मोजत बसत नाहीत. एकाची पाठ मातीला टेकली की कुस्ती संपली. पंचाने हात वर करायचा आणि मग कोणी वाद घालायचा नाही. वाद व्हायचेच, पण आजोबांनी दिलेला निकाल सहसा कोणी फिरवला नाही.

तुमची आई लहान असताना त्यांच्याबरोबर हट्टाने मैदानाला जायची. तिथे मुली जवळजवळ नसतच. ती पंचांच्या बाजूला पोत्यावर बसायची आणि घरी आली की माझ्या तपासून झालेल्या पेपरांच्या कोऱ्या बाजूला पैलवान काढायची. चेहरे काढायची नाही. पाय काढायची, मातीत रुतलेले अंगठे काढायची. आजोबांना ते फार आवडायचं. पुढे त्याच चित्रांमागे ती पुण्याला गेली, एका कंपनीत सिनेमासाठी कॉम्प्युटरवर जनावरं हलवायला लागली, तेव्हा मात्र त्यांना आवडेना. शिकलेल्या मुलीने चित्रं हलवत बसायची, हे त्यांना काम वाटत नव्हतं. रागावले नाहीत कधी. नुसते विचारायचे बंद झाले. ती सुट्टीला घरी आली की पाऊस, ऊस, प्रवास यावर बोलायचे आणि पेपर उघडायचे.

हा सिनेमा लागला त्या वर्षी तिला कॅनडातून नोकरीचं बोलावणं आलं. तिने आधी मलाच सांगितलं. परवानगी हवी होती असं नाही. ती जाऊ शकत होती. पण बाबांनी एकदा तरी माझं काम बघून हे काम आहे असं म्हणावं, असं तिला वाटत होतं. त्याशिवाय तिकडे जाऊन आपलं मन लागणार नाही, असं ती म्हणाली. आणि तिने ज्या परदेशी सिनेमावर दोन वर्षं काम केलं होतं, तो त्याच आठवड्यात हिंदीत होऊन कोल्हापूरला लागत होता. त्यातल्या मोठ्या झुंजीचा बराच भाग तिच्याकडे होता. त्यात तिने एक गोष्ट घातली होती. ती मला सांगितली, पण बाबांना सांगायची नाही असं बजावलं. त्यांनी आपण होऊन ओळखली तर खरं.

शुक्रवारी तीनच्या खेळाला आम्ही गेलो. आजोबा चला म्हटल्यावर निमूटपणे आले, याचं मला आश्चर्य वाटलं. मी त्यांच्या पाठीसाठी उशी घेतली होती, पाणी घेतलं होतं आणि चिवडा. बाल्कनीत तुमची आई आमच्या दोघांच्या मध्ये बसली. थिएटर जुनं, एकच पडदा, पंखे घरघरणारे. खाली निम्मी गर्दी आसपासच्या तालमीतल्या मुलांची आणि बाजारासाठी आलेल्या खेड्यातल्या माणसांची होती. राक्षसांचा पिक्चर आहे एवढंच त्यांना माहीत होतं.

गोष्ट काही खास नव्हती, हे मी तेव्हाही म्हटलं होतं. एका बेटावर शास्त्रज्ञ जातात, तिथल्या डोंगरातून एक प्रचंड जनावर उठतं, अस्वलासारखं, पाठीवर झाडं उगवलेली. मग समुद्रातून दुसरं येतं, मगरीच्या तोंडाचं, माणसासारखे खांदे असलेलं. लोकांनी दहा मिनिटांत दोघांना नावं दिली. डोंगरातला तो ‘आपला गडी’. समुद्रातला बाहेरून आलेला, म्हणून ‘पावणं’. अनोळखी माणसाला आमच्याकडे पावणंच म्हणतात, मग तो बसमध्ये भेटो नाहीतर समुद्रातून येवो.

माणसांच्या प्रसंगांत लोकांना रस नव्हता. म्हातारा शास्त्रज्ञ बोलायला लागला की खालून कोणीतरी म्हणायचं, मास्तर, पुरे. नायिका मनोऱ्यावर चढली तेव्हा एक बाई अगदी काळजीने बोलली, आक्का, उतर की खाली, पडशील. नायकाने पिस्तूल काढून त्या अस्वलावर रोखलं, तर अख्ख्या थिएटरात हशा. कशाला त्याला खाजवतोस, असं एकाने विचारलं. तुमची आई मात्र हसत नव्हती. तिने चिवड्याला हात लावला नाही. ती पडद्याकडे बघतच नव्हती. तिला तो पाठ होता. ती तिरक्या नजरेने बाबांकडे बघत होती. आजोबा हाताची घडी घालून बसले होते, पावसाळ्यात बसथांब्यावर बसावं तसे.

मध्यंतरानंतर झुंज सुरू झाली. दोन्ही जनावरं किनाऱ्यावर समोरासमोर आली, आणि लगेच एकमेकांवर धावून गेली नाहीत. फिरायला लागली. पंजे पुढे, मान खाली, एकमेकांचा अंदाज घेत. पैलवान कुस्तीच्या सुरुवातीला असंच करतात. त्याला खडाखडी म्हणतात. खालची कुजबुज थांबली. मग ते अस्वल खाली वाकलं, त्याने किनाऱ्यावरची ओंजळभर माती उचलली, आधी स्वतःच्या छातीला चोळली आणि उरलेली समोरच्याच्या अंगावर टाकली.

तुम्ही ते पळवलं असेल. ती तुमच्या आईने घातलेली गोष्ट. आमच्या आखाड्यात पैलवान तसंच करतात: माती लावतात, म्हणजे घामाने हात निसटत नाही, आणि समोरच्यालाही लावतात, म्हणजे मी तुझ्याशी नियमाने लढणार. परदेशातल्या दिग्दर्शकाला वाटलं की जनावर चिडलं आहे, आणि त्याला ते आवडलं, म्हणून राहिलं.

मग खालून एक तालमीतला मुलगा, फारसा मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, “माती लावली की रं त्यानं.” त्यानंतर जे झालं त्याला शिट्ट्या म्हणणं कमी पडेल. लोक खुर्च्या बडवायला लागले. मी आजोबांकडे पाहिलं. त्यांची हाताची घडी सुटली होती. ते पुढे सरकून बसले होते, उशी मागे पडली होती.

पुढची झुंज कोणी सिनेमा म्हणून पाहिली नाही. पट काढ, मान धर, पाय सोडू नको, असं चारी बाजूंनी शिकवणं सुरू झालं. पावण्याची पकड चुकली की लोक त्यालाही सांगायचे, कारण कुस्ती चांगली झाली पाहिजे. शेवटी अस्वल खाली बसलं, त्याने पावण्याच्या पायांत हात घातला, त्याला खांद्यावर उचललं आणि मागे टाकलं. या डावाला कलाजंग म्हणतात. समुद्राचं पाणी उडालं, जहाजं कलंडली, आणि पावणं पाठीवर पडलं. दोन्ही खांदे वाळूला.

थिएटर उठलं. टॉवेल उडाले, टोप्या उडाल्या. आणि मग लोक बाहेर निघाले. हसू नका. पाठ टेकली होती, कुस्ती संपली होती, मग बसायचं कशाला? दार उघडलं, बाहेर मोटरसायकली सुरू झाल्याचा आवाज आला. डोअरकीपर रांगांमधून धावत सांगत होता की पिक्चर अजून हाय, बसा, पण त्याचं कोण ऐकतो. अर्धे लोक बाहेर जाऊन चहाच्या गाड्यावर उभे राहिले आणि डावाची चर्चा करायला लागले.

सिनेमा अर्थातच संपला नव्हता. पडद्यावर पावणं हळूहळू उठायला लागलं. आत उरलेल्या लोकांना ते अजिबात पटेना. चितपट झालेला परत उठतोच कसा, असा गोंधळ सुरू झाला. काही जण मागे वळून पडदा चालवणाऱ्याच्या खिडकीकडे बघून ओरडत होते, जणू त्यानेच त्याला उठवलं होतं. तेवढ्यात खालच्या रांगेतल्या एका वयस्क माणसाने बाल्कनीकडे पाहिलं आणि आजोबांना ओळखलं. कुठल्या तरी जत्रेत त्यांनी दिलेला निकाल त्याच्या लक्षात असावा.

“पंच हायती वर,” तो म्हणाला. “पंच, निकाल द्या की.”

माना वळल्या. मला वाटलं, आजोबा आता हसून हात हलवतील आणि बसतील. सिनेमाला कोणी निकाल देतं का? पण ते उठले. शर्ट नीट केला. मैदानात करतात तसा उजवा हात वर केला आणि त्यांच्या मैदानातल्या आवाजात, जो घरात आम्ही कधी ऐकला नव्हता, म्हणाले, “दोन्ही खांदे टेकलेत. कुस्ती झाली. आता हे उठलं तरी हरलेलंच हाय.”

लोकांचं समाधान झालं. खाली टाळ्या पडल्या आणि उरलेला सिनेमा त्यांनी आरामात, हरलेल्या पावण्याची थट्टा करत पाहिला. शेवटी ते जिंकतं की काय होतं, मला आठवत नाही. मी बघत नव्हते.

आजोबा बसले होते आणि तुमच्या आईकडे वळले होते. माती कोणी लावायला सांगितली, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, कोणी नाही, मीच लावली. कलाजंग? तोही मीच. त्यांनी थोडा विचार केला. मग पंच बोलतात तसं बोलले: खाली बसताना अस्वलाचा डावा पाय जरा पुढे हवा होता, एवढं वजन उचलायचं म्हणजे. ती म्हणाली, मला माहीत होतं, पण वेळ संपला होता. ते म्हणाले, पुढच्या वेळी वेळ मागून घे. मी चिवड्याची पिशवी बांधायला घेतली. कुठेतरी बघणं भाग होतं.

बाहेर आलो तर चहाच्या गाड्याशी ती चर्चा अजून चालू होती. आजोबांना वाट करून दिली गेली. तो वयस्क माणूस पुढे आला आणि कुस्ती झकास झाली असं म्हणाला. आजोबांनी तुमच्या आईच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढे केलं.

“ही कुस्ती माझ्या लेकीनं लावलीय,” ते म्हणाले. “आता कॅनडात लावणार आहे.”

कॅनडाचं त्यांना कधी कळलं ते मी आजवर विचारलेलं नाही. मी सांगितलं नव्हतं. त्या माणसाने तुमच्या आईला हात जोडून नमस्कार केला, वयाने लहान होती तरी. मी बरीच वर्षं मुलांच्या बक्षीस समारंभांना बसले आहे. एवढ्या ताठ मानेने मी कुठे उभी राहिले नव्हते.

पुढे तो सिनेमा बरेच आठवडे चालला. राधानगरी, शाहूवाडीकडून लोक टेंपोने यायचे. दुसऱ्या आठवड्यापासून कोणीतरी हलगी आणायला लागलं. ती मैदानात वाजते तशी खडाखडीपासून वाजायची. आणि प्रत्येक खेळाला, पाठ टेकली की निम्मं थिएटर बाहेर. आजोबा दोनदा परत गेले. डावा पाय बघायला, असं म्हणाले.

आता ते थिएटर बंद आहे. पडदा काढला, खुर्च्या विकल्या, आवारात मंडपवाल्याचे खांब पडलेले असतात. नव्या थिएटरात लोक गप्प बसून सिनेमा बघतात. आजोबांच्या गुडघ्यांमुळे मैदान सुटलं. त्या दिवशीच्या लोकांपैकी किती आहेत, मला माहीत नाही. पण गेल्या वेळी तुमची आई आली होती तेव्हा मंडईत एका कांदेवाल्याने तिला निरखून पाहिलं आणि पुढची कुस्ती कधी लावताय, असं विचारलं. ती इथे अजून लोकांच्या लक्षात आहे.