खोडलेली ओळ

नववीच्या इंग्रजीच्या वह्या तपासत होते. धड्यातला म्हातारा रोज नदीकाठी का बसतो, याचं उत्तर सगळ्यांचं एकच होतं, मी फळ्यावर लिहून दिलेलं. सायलीच्या वहीत मात्र त्याच्या वर एक ओळ खोडलेली दिसली. उजेडात धरून वाचली. त्याला घरी बोलायला कुणी नसेल, असं तिने मोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिला विचारलं, "हे का खोडलंस?"

"बाई, तुमचं उत्तर वेगळं होतं ना."

मुलांना विचार करायला शिकवते, असं मी वीस वर्षं अभिमानाने सांगत आले. तिच्याकडे बघवेना.

"तुझंच जास्त चांगलं होतं," मी म्हणाले.

"मग परीक्षेत कुठलं लिहू?"