द्राक्षासवाचं पथ्य

दारूबंदी आली आणि टेंभी नाक्यावरच्या भास्करराव कर्णिकांचं पचन जे बिघडलं, ते सुधारेचना. रोज संध्याकाळी द्राक्षासवाचा पेला भरून ते बायकोला हाक मारत, "सुमती, काल चकलीनं चव घालवली. आज औषधाबरोबर बोंबील तळ!"

शेवटी सुमतीबाईंनी वैद्यांना विचारलं आणि पेल्याशेजारी मऊ भात ठेवला.

"हे काय गं?"

"पथ्य. पोट बरं होईपर्यंत तळलेलं बंद. औषध घ्या की खुशाल!"

त्या दिवशी आसव पहिल्यांदाच औषधासारखं लागलं. सकाळी पोट ठणठणीत झाल्याचं जाहीर करून भास्करराव बोंबील आणायला निघाले.

"बरं झालं बाई," सुमतीबाई म्हणाल्या, "बाटली वन्संना पाठवते. त्यांना खरंच अपचन आहे."