सोळा आकडी चिठ्ठी

स्फाक्स शहराच्या मागच्या गावांत त्या हंगामात एकच कुजबूज होती. नझीहा कम्मून दर गुरुवारी सिदी अम्मारच्या दर्ग्यावर पिशवी घेऊन जाते आणि येताना नंबर घेऊन येते. पीर देतो, ती वाटते. न्हाव्यापासून इमामाच्या मेहुण्यापर्यंत सगळ्यांनी ती पिशवी पाहिली होती. आत काय आहे ते कुणीच पाहिलं नव्हतं, म्हणून तर गोष्ट एवढी रंगली.

नझीहा हाजी बशीरच्या तीन ऑलिव्ह घाण्यांच्या संगणकांचं काम बघायची. चाळिशीची, बिनलग्नाची. लग्नाबद्दल विचारणाऱ्याला ती असं उत्तर द्यायची, की तो पुढे आठवडाभर स्वतःच्या बायकोलाही काही विचारायला धजत नसे.

आमच्याकडे माणूस मुलगी परक्या घरात देईल, पण आपल्या झाडांचं तेल परक्याच्या तेलात जाऊ देणार नाही. पोती उतरली की चिठ्ठी मिळते. तोच नंबर पोत्यांवर, तोच तेलाच्या डब्यावर. पूर्वी तिन्ही घाण्यांवरची यंत्रं आपापली एकपासून मोजत, आणि डबे मात्र हाजीच्या एकाच कोठारात येत. गेल्या साली दोन घाण्यांवरचे ४१२ नंबरचे डबे एकाच दिवशी तिथे आले. उम्मी मबरूकाच्या सात झाडांचं तेल एका व्यापाऱ्याकडे गेलं, त्याचं तिच्याकडे आलं. ती झाडं तिच्या नवऱ्याने लावलेली. तो गेल्यापासून रोज सकाळी त्या तेलात भाकरी बुडवणं, एवढंच दोघांचं बोलणं उरलं होतं. म्हातारी वर्षभर परक्याशी बोलत बसली.

नझीहाने तिच्या दारात जाऊन शब्द दिला, की यंदा तुझंच तेल तुला मिळेल. आणि मग कामाला बसली.

घाण्यांनी एकमेकांना विचारून नंबर काढावा, तर गावातलं इंटरनेट दिवसातून दहादा जातं. प्रत्येक यंत्राने कुणालाही न विचारता नंबर काढायचा, आणि तरी तो दुसऱ्या कुणाचा निघता कामा नये. तिने सोळा आकडे केले. पहिला घाण्याचा, मग बारा आकड्यांत तारीख आणि सेकंदापर्यंतची वेळ, शेवटी तीन आकडे, एकाच सेकंदात दोन चिठ्ठ्या निघाल्या तर.

लोक खवळले. चिठ्ठीचा नंबर म्हणजे पाळी, आणि पाळी म्हणजे मान. पहिला नंबर लागावा म्हणून पहाटेपासून पोत्यांवर बसणारी माणसं. या सोळा आकड्यांत कोण पुढे, कोण मागे, कुणाला कळेना. हा नंबर आहे की जावयाच्या मागण्यांची यादी, असं एकाने विचारलंसुद्धा. नझीहाने चिठ्ठीच्या कोपऱ्यात पाळीचा छोटा आकडा वेगळा छापला.

"हा तुमच्या मिशीसाठी, रोज सकाळी एकपासून," ती म्हणाली. "मोठा तेलासाठी. तो जन्मात एकदाच."

मग डिसेंबरातल्या एका गुरुवारी दर्ग्यामागच्या घाण्यावर वीज गेली, परत आली, आणि यंत्र चिठ्ठी देईना. नझीहा पोचली तेव्हा रांगेत सगळ्यात पुढे उम्मी मबरूका होती. तेवढ्यात हाजीचा फोन आला. अर्धं गाव खोळंबलंय, हाताने एक, दोन, तीन लिही, म्हणाला.

यंत्र म्हातारं होतं. वीज गेली की त्याचं घड्याळ मागे जायचं, आणि मागची वेळ म्हणजे वाटून झालेले नंबर पुन्हा. म्हणून नझीहानेच त्याला शिकवून ठेवलं होतं, की घड्याळ मागे गेलं तर गप्प बसायचं.

"लिहिते, हाजी," ती म्हणाली. "फक्त उम्मी मबरूका इथेच उभी आहे, तिच्याकडे फोन देते. तिला तेवढं सांगा, की यंदाही व्यापाऱ्याचंच तेल खा."

हाजीने विचारलं, "किती वेळ लागेल?"

घड्याळ लावायला दहा मिनिटं लागली.

चार दिवसांनी उम्मी मबरूकाने कोठाराच्या पायरीवरच डबा उघडला, पदरची भाकरी बुडवली आणि तोंड वाकडं केलं.

"कडू आहे," ती म्हणाली.

नझीहाचा चेहरा उतरला. "नेहमीसारखं नाही?"

"अगदी नेहमीसारखं. मेल्याने झाडंही स्वतःसारखीच लावली." आणि तिने दुसरा तुकडा मोडला.

हाजीने नवं यंत्र काही घेतलं नाही. त्या भागात दर गुरुवारी तारांच्या दुरुस्तीसाठी वीज बंद असे. वीज आली की नझीहा दर्ग्यामागच्या घाण्यावर जाऊन यंत्राचं घड्याळ लावायची. दर्ग्यात ती कधी गेली नाही. पिशवीत पेचकस आणि दुपारचं जेवण असायचं.